चौथी बाई

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन बोटं धाकटीच्या टॅबच्या काचेवर टेकवली की शेवटची रेघ गायब! पुन्हा टेकवली — त्याच्या आधीची गायब. दुपारभर मी दुसरं काही केलंच नाही. रेघ मारायची, बोटं टेकवायची. इतकी वर्षं केस कापतेय, कापलेला केस परत डोक्यावर गेलेला कधी बघितला नाही. इथे जातो!

धाकटी पलंगावर उशीला टेकून बघत होती, उजवा हात झोळीत. झालं का खेळून, म्हणाली. मी म्हटलं, थांब, माझा अजून विश्वास बसलेला नाही. संध्याकाळी ह्यांना करून दाखवलं. ह्यांचं म्हणणं, हे यंत्र पार्लरमध्ये बसव, निम्मी भांडणं मिटतील.

खरं तर खेळायला वेळ नाही. धाकटीच्या मनगटावर कपाटाची काच फुटून पडली, आतली बोटांची नस कापली गेली, ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. साप्ताहिकात दर आठवड्याला तिचं चित्रांचं पान येतं — ‘तिघी एका घरात’. एका घरात राहणाऱ्या तीन मैत्रिणी, लांबुडी, गोलू आणि चष्मिष, आणि त्यांची रोजची खडाजंगी. थोडे भाग तयार होते, ते चाललेत. ते संपले आणि पान रिकामं राहिलं तर संपादकबाई ती जागा दुसऱ्या कुणाला देणार. तसं त्यांनी गोड बोलून पण स्पष्ट सांगितलंय.

आणि धाकटीला त्या पानाशिवाय आहे काय? नोकरी तिने केली नाही, लग्नाचं नाव काढलं की खोलीतून उठून जायची. तिचा सगळा जीव त्या तीन बायकांत. “तुझा हात थरथरत नाही, ताई. कात्री धरतेस तसं पेन धर. मी सांगेन, तू काढ. माझा हात बरा होईपर्यंतच.” मी हो म्हणून बसले. शाळेत मी गाय काढली होती, तर बाईंनी टेबल छान जमलंय म्हणून शाबासकी दिली होती!

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज लेअर.

म्हणजे चित्र एका कागदावर नसतंच मुळी. काचेसारख्या पारदर्शक कागदांची चळत असते. एकावर कच्ची आखणी, त्याच्यावर पक्की रेघ, मधे कातडीचा रंग, मधे कपड्यांचा, केसांचा वेगळा. मी खालच्या लेअरवर लाल रंग फासला, अगदी राग काढावा तसा, आणि वरच्या रेघेला डागसुद्धा नाही. खालची आखणी एका टिचकीसरशी दिसेनाशी होते. शिडी लावून भिंत रंगवली आणि मग शिडीच नाही!

त्यातही एक चमत्कार आहे. एक लेअर दुसऱ्याला बांधून टाकता येतो. मग वर कसाही ब्रश फिरवा, रंग खालच्या आकाराच्या बाहेर जातच नाही. केस रंगवताना आम्ही कपाळाच्या कडेला क्रीम लावतो, रंग कातडीला लागू नये म्हणून. तरी लागतोच. इथे नाही लागत. मी गालावर लाली लावली, ब्रश कानापलीकडे नेला, भिंतीपर्यंत नेला. गालावरच राहिली. मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले.

७ फेब्रुवारी, शनिवार

“बाई काढूच नकोस. आधी आकार काढ.” — धाकटी.

लांबुडी म्हणजे मिटलेली छत्री. गोलू म्हणजे किटली. चष्मिष म्हणजे टाचणी, मोठं डोकं आणि खाली काहीच नाही. नुसते काळे आकार काढायला लावले, डोळे नाहीत, नाक नाही. आणि काळ्या आकारातून ओळखू येतात की तिघी! किटली कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि छत्री तिला टाळून चाललीय, हे नुसत्या डागांवरून कळतं. मी दर आठवड्याला हे पान वाचत आले, हसत आले, आणि मला वाटायचं गंमत बोलण्यात आहे. निम्मी गंमत तर त्या डागांतच आहे. हे तिने एकटीने बसून शोधलं, कुणाला न सांगता.

९ फेब्रुवारी, सोमवार

पार्लर बंद, म्हणून सकाळपासून बसले. केस काढायचे होते. मनात म्हटलं, आता कळेल हिला. मुळाशी केस कसा उभा राहतो, भोवरा कुठे असतो, दोन रंगांच्या छटा एकमेकीत कुठे मिसळतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? गोलूच्या कुरळ्या केसांची बट न् बट काढली. मान आखडली पण सोडलं नाही. धाकटीला दाखवलं.

ती डाव्या हाताने चित्र लहान करत गेली. लहान, आणखी लहान, पानावर छापून येईल तेवढं. गोलूच्या डोक्यावर भांडी घासायची तारेची घासणी बसवली होती मी!

“तू केस मोजतेस, ताई. मोजू नकोस. डोक्यावर एक मोठा गोळा आहे समज. त्याला बाहेरची कड दे, उजेडाची एक पट्टी दे, आणि चार बटा सुटलेल्या. चारच.”

फार राग आला. पण केलं. आणि ते चार बटांचे केस त्या हजार बटांपेक्षा जास्त केस दिसत होते. हे कसं काय, मला अजून कळलेलं नाही. आज पार्लरमध्ये असते तर समोरच्या बाईच्या डोक्याकडे बघतच राहिले असते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नुसत्या रेघा. बारीक सुरू, मधे जाड, शेवटी बारीक. शंभरातली एक जमते. खांदा भरून आलाय. ह्यांनी शेकायला पिशवी आणून दिली आणि वर ‘कलाकारांचे हाल’ म्हणून सुस्कारा टाकला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज जे बघितलं ते कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, बाईला वेड लागलं.

धाकटीचं जुनं पान उघडलं होतं. चष्मिष खिडकीत बसलीय, पांढरा शर्ट, ऊन आलंय. धाकटी म्हणाली, शर्टावरच्या सावलीवर बोट दाबून धर. दाबलं की यंत्र तिथला रंग उचलून वेगळा दाखवतं. मला वाटलं पांढरा येईल, फार तर राखाडी. आला चक्क निळा-जांभळा! डोळ्याचा पांढरा भाग दाबला, तो मळकट गुलाबी. गालाची कड दाबली, ती हिरवट! पानभर मी बोट दाबत फिरले. जो रंग मला दिसत होता तो तिथे कुठेच नव्हता. शेजारच्या रंगांनी मिळून मला तसं वाटायला लावलं होतं.

मी रंगाचा धंदा करते. गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे बघून छटेचा नंबर सांगते, चूक होत नाही. आणि मला पांढरा शर्ट ओळखता आला नाही. मी तिला विचारलं, तुला हे दिसतं का गं, खरोखरच्या शर्टावर? ती म्हणाली, हो, कायम दिसतं, म्हणून तर मी कधीकधी बोलता बोलता गप्प होते, तुम्हाला वाटतं लक्ष नाही.

लहानपणी आई तिला जेवताना हाका मारमारून थकायची. ती ताटाकडे बघत बसलेली असायची. आम्ही म्हणायचो, हिला भूकच नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पहिला अख्खा भाग माझ्या हातचा! गोष्ट तिची, चौकटी तिने सांगितलेल्या, पण रेघ माझी, रंग माझे. चष्मिषचा वाढदिवस आहे आणि दोघी विसरल्यात असं ती समजते. संध्याकाळी मोठ्या दिमाखात धाकटीपुढे धरला.

ती हसायला लागली. हसता हसता हात दुखला म्हणून कळवळली, आणि परत हसायला लागली. मला काही कळेना. “ताई, चष्मिषचा भांग बघ.”

भांग! पाठमोरी आहे तिथे तिच्या डावीकडे. समोरून आहे तिथे तिच्या उजवीकडे. पुढच्या चौकटीत पाठ फिरवली की परत डावीकडे. अख्ख्या पानावर बाईचा भांग इकडून तिकडे उड्या मारतोय. मी जन्मभर गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून आरशात बघत आले. आरशात तिची डावी बाजू माझ्याही डावीकडेच. कागदावरची बाई मात्र तोंड माझ्याकडे करून उभी, तिची डावी माझ्या उजवीकडे. हे काय मला माहीत नाही? माहीत आहे! पण हाताला माहीत नाही. केस कापणारीच्या हातून भांग चुकला. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्त केलं. केसांचा लेअर वेगळा होता म्हणून वाचले. समोरचे चेहरे होते तिथे नुसते केस उलटवले, तिरक्या चेहऱ्यांचे परत काढले. धाकटीने मग आणखी एक युक्ती दाखवली: सगळंच्या सगळं चित्र उलटं करायचं, आरशात बघितल्यासारखं. डोळ्याला सवय झालेल्या चुका तेव्हा दिसतात. केलं, आणि हाय रे देवा, माझ्या तिघी एका बाजूला कलंडलेल्या! गोलूचा एक डोळा दुसऱ्याच्या खाली गेलेला. काल हेच चेहरे मला देखणे वाटत होते. सरळ केले, परत उलटे करून बघितले, परत सरळ केले.

पान पाठवलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

संपादकबाईंचा फोन. रेघ जरा जाड झालीय का, असं विचारत होत्या. मी धाकटीकडे बघितलं. धाकटी शांतपणे म्हणाली की हो, आता अशीच राहणार, ताई काढतेय आणि तिची रेघ अशी आहे. मग ‘बघू’ म्हणाल्या.

मला वाटलं होतं ही काहीतरी झाकून नेईल. तसली नाहीच ती.

३ मार्च, मंगळवार

वाचनालयातल्या बाई रंग लावून बसल्या होत्या, डोक्याला पिशवी बांधून. हातात साप्ताहिक. मी दुसरीचे केस कापत होते आणि आरशातून त्यांच्याकडे डोळा. पानं उलटली, उलटली, आमचं पान आलं. वाचत होत्या. तोंडावरची रेषा हलेना. वाटलं, संपलं. शेवटच्या चौकटीत लांबुडी आणि गोलू अंधारात केक धरून उभ्या आहेत आणि चष्मिष रागाने दिवा न लावताच झोपायला जाते. तिथे त्या फस्सकन हसल्या. पिशवीतून रंग गळला मानेवर. मग बोटाने चष्मिषच्या चेहऱ्यावर हळूच टकटक केलं, लहान मुलाच्या गालावर करतात तसं.

तो चेहरा काल-परवा नव्हता! तो मी काढला. दोन ठिपके, एक वाकडी रेघ, आणि एका बाईला तिची दया आली. कात्री खाली ठेवावी लागली मला. समोरची विचारायला लागली की कमी कापलं का, जास्त कापलं का. वाचनालयातल्या बाईंच्या मानेवरचा डाग मग घासून घासून काढला.

९ मार्च, सोमवार

संपादकबाई आता ‘बघू’ म्हणत नाहीत, ‘पुढचं कधी’ म्हणतात.

धाकटी हल्ली भागाला लागत नाही ते पण शिकवते. म्हातारी बाई कशी काढायची, गरोदर बाई कशी वाकते, दहा वर्षांची मुलगी मोठ्या बाईसारखी उभी राहते तेव्हा गुडघे काय करतात. सगळं चित्र काळंपांढरं करून उजेड तपासायचा ते. डोळ्याची वरची रेघ जाड, खालची जवळजवळ नाहीच, नाहीतर बाईची बाहुली होते — ते तर रोज. मी म्हटलं, हे आत्ता कशाला? त्यापेक्षा हाताच्या व्यायामाचा चेंडू दाब की जरा. म्हणाली, दाबते, तू गुडघा काढ.

एक गोष्ट लिहून टाकते, कारण बोलायची सोय नाही. ती बरी झाली की पेन तिचं तिला द्यायचं. ठरलेलंच आहे. आणि मला ते द्यावंसं वाटत नाही! सख्ख्या बहिणीचा हात बरा व्हावा म्हणून दिवा लावायचा, आणि मनात मात्र, अजून थोडे दिवस. असं माणूस असतं का? असतं बहुतेक. मी आहे.

२३ मार्च, सोमवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी धाकटी म्हणाली, गोष्टीत चौथी बाई आणतेय, समोरच्या घरात राहायला येणारी. मी सांगते तशी काढ, मधे विचारू नकोस. आकार कुठला, विचारलं. कपड्यांचा हँगर, पण एका बाजूने वर गेलेला. उजवा खांदा वर, तिचा उजवा हं ताई, तुझा नाही. मान पुढे. हनुवटी बारीक. एक भुवई दुसरीपेक्षा वर, समोरचा खोटं बोलतोय असं कायम वाटल्यासारखी. खालचा ओठ एका कोपऱ्यात दाताखाली. केस मागे कसेतरी गुंडाळलेले, अर्धे सुटलेले.

मी म्हटलं, असलं डोकं गोष्टीत कशाला आणतेस? माझ्याकडे पाठव हिला, नीट करून देते. ती फक्त म्हणाली, काढ.

काढलं. दुपारपर्यंत रंगही भरले. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड एका बाजूने, सावलीत तो जांभळा, आता न घाबरता देते मी तो. बाई जमली होती. करारी, थोडी दमलेली, कुणाचं ऐकून न घेणारी. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती, पण पार्लरमध्ये सगळ्याच येतात. मग सवयीने चूक तपासायला चित्र उलटं केलं.

मी होते.

खांदा, भुवई, ओठ, सगळं जागच्या जागी. दिवसभर आरशात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जी दिसते, ती. सुलट होती तेव्हा ओळखली नाही, कारण तशी मी मला कधी बघितलीच नाही. तशी मी फक्त इतरांना दिसते. अंगावर काटा आला. माझ्याच हाताने, माझ्याच डोळ्यांदेखत, खांद्यापासून भुवईपर्यंत मी मला काढलं आणि मला पत्ता नाही! आणि केसांना नावं ठेवली!

तिला विचारलं, इतकं कधी बघितलंस मला? माझा तर फोटोसुद्धा नाही घरात, काढणारी मीच असते.

“तुझ्या खुर्चीत बसल्यावर सगळ्या स्वतःला बघतात, ताई. मी तुला बघायचे.”

मला रडू आलं. तिने डावा हात पुढे केला आणि चित्र परत सुलट केलं.

२९ मार्च, रविवार

चौथ्या बाईचा भाग गेला. ह्यांनी पान बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पान बघितलं. म्हणाले, ह्या बाईला जरा जपून, लांबुडीला खाऊन टाकेल. दिवसभर खूश होते.

४ एप्रिल, शनिवार

सोमवारी डॉक्टरांकडे. टॅबची काच पुसली, पेनाचं टोक नवं घातलं. तिच्या हातात द्यायचं ते नीट द्यावं.

६ एप्रिल, सोमवार

अंगठा वळत नाही. बोटांना स्पर्श कळत नाही. डॉक्टरांनी तिचा हात खाली ठेवला आणि म्हणाले, आता यापुढे काही सुधारणा नाही. मी भांडायला लागले — व्यायाम वाढवू, दुसरं ऑपरेशन करू, ती चित्रकार आहे हो! डॉक्टर गोंधळून धाकटीकडे बघायला लागले. “तुम्ही घरी सांगितलं नाहीत? ऑपरेशननंतर शुद्धीवर आलात, तेव्हाच बोललो होतो मी, हा हात परत पेन धरणार नाही म्हणून.”

धाकटी माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, “सांगितलं असतं तर ताई रडत बसली असती. शिकली नसती.”